विमानाच्या अपडेटला ‘नंतर’ म्हणता येत नाही! फ्लाइट कंट्रोलची सक्तीची तपासणी आणि दुरुस्ती कशी होते?

फोनवर ‘नवीन अपडेट उपलब्ध आहे’ अशी नोटिफिकेशन आली की आपण बहुतेक जण काय करतो? ‘नंतर आठवण करा’. बॅटरी कमी असते, डेटा संपत आलेला असतो किंवा मॅच सुरू असते. अपडेट दोन महिने पडून राहतं आणि आपलं काही अडत नाही.

आता कल्पना करा की हीच नोटिफिकेशन जगभरातल्या सुमारे ६,००० प्रवासी विमानांना एकाच संध्याकाळी आली. खाली ‘नंतर’ हे बटणच नाही. अपडेट करा, नाहीतर प्रवासी घेऊन उडायचं नाही, एवढे दोनच पर्याय. ही कल्पना नाही, हे खरंच घडलं. तारीख होती २८ नोव्हेंबर २०२५, शुक्रवार. यादीत भारतातली ३३८ विमानं होती. आपल्या नाशिकच्या ओझर विमानतळावर ज्या प्रकारची विमानं येतात, तो प्रकारही त्यात होता.

त्या दोन दिवसांत मला ओळखीतल्या बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला, ‘विमानात बग होता म्हणजे आपण इतके दिवस जीव मुठीत घेऊन फिरत होतो का?’ प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर देण्याआधी विमानात ‘सक्तीची दुरुस्ती’ ही काय भानगड असते ते समजून घेऊ. एकदा हे कळलं की फ्लाइट दोन तास लेट झाल्यावर होणारी चिडचिडही थोडी कमी होईल, असं मला वाटतं.

नेमकं काय झालं होतं?

३० ऑक्टोबर २०२५. अमेरिकेच्या जेटब्लू कंपनीचं एअरबस ए३२० विमान मेक्सिकोतल्या कानकुनहून न्यूअर्ककडे निघालं होतं. विमान उंचावर, सरळ, ऑटोपायलटवर. अचानक पायलटने काहीही न करता विमानाचं नाक खाली झुकलं. ऑटोपायलट चालूच राहिला, थोडी उंची गेली आणि विमान सावरलं. पण केबिनमधल्या काही जणांना मार लागला. विमान फ्लोरिडातल्या टॅम्पा इथे उतरवलं गेलं आणि जखमींना हॉस्पिटलमध्ये नेलं.

तपासात एअरबसचं लक्ष एका कॉम्प्युटरवर गेलं. त्याचं नाव एलॅक, म्हणजे एलिव्हेटर आणि एलेरॉन सांभाळणारा कॉम्प्युटर. त्यातल्या एका विशिष्ट सॉफ्टवेअर व्हर्जनमध्ये, सूर्याकडून येणाऱ्या तीव्र किरणोत्सारामुळे महत्त्वाचा डेटा बिघडू शकतो, असं एअरबसने जाहीर केलं. युरोपच्या विमान सुरक्षा संस्थेने, म्हणजे ईआसाने, त्याच दिवशी आणीबाणीचा आदेश काढला. कारणही स्पष्ट लिहिलं: हा दोष दुरुस्त झाला नाही, तर सर्वांत वाईट परिस्थितीत एलिव्हेटर स्वतःहून इतका हलू शकतो की विमानाच्या सांगाड्याला झेपणार नाही एवढा ताण येईल.

हे वाक्य नीट वाचा. एका विमानात काही जण जखमी झाले होते, विमान सुखरूप उतरलं होतं. तरीही ६,००० विमानांना आदेश गेला. विमानसुरक्षेत ‘काय झालं’ याइतकंच ‘काय होऊ शकलं असतं’ यालाही महत्त्व असतं.

फ्लाइट कंट्रोल म्हणजे काय?

विमानाला हवेत तीन प्रकारे वळवता येतं. नाक वर-खाली करायचं असेल तर शेपटीच्या आडव्या पंखावरची हलणारी फळी वापरतात, ती एलिव्हेटर. डावीकडे-उजवीकडे कलंडायचं असेल तर मुख्य पंखांच्या टोकाजवळच्या फळ्या, त्या एलेरॉन. नाक डावी-उजवीकडे फिरवायचं असेल तर शेपटीच्या उभ्या पात्यावरची फळी, ती रडर. याशिवाय पंखावर उघडणारे स्पॉयलर आणि शेपटीचा अख्खा आडवा पंख तिरपा करणारी ट्रिम यंत्रणा असते.

जुन्या विमानांत पायलटच्या हातातल्या दांड्यापासून या फळ्यांपर्यंत तारा आणि कप्प्या असायच्या. सायकलचा ब्रेक दाबला की केबल ओढली जाते, तसंच. मोठ्या विमानांत मदतीला हायड्रॉलिक दाब आला, पण संदेश तारेनेच जायचा.

ए३२० ने हे बदललं. १९८७ मध्ये पहिल्यांदा उडालेलं आणि १९८८ मध्ये सेवेत आलेलं हे विमान, पूर्ण डिजिटल ‘फ्लाय-बाय-वायर’ असलेलं पहिलं प्रवासी जेट. यात पायलटच्या बाजूला व्हिडिओ गेमच्या जॉयस्टिकसारखी छोटी साइडस्टिक असते. ती हलवली की फळी थेट हलत नाही. कॉम्प्युटरला विद्युत संदेश जातो, ‘पायलटला नाक एवढं वर हवंय’. कॉम्प्युटर वेग, उंची, विमानाचा कोन बघतो, हे सुरक्षित आहे का ते ठरवतो आणि मग हायड्रॉलिक अ‍ॅक्च्युएटरला हुकूम देतो.

तुमच्या फोनच्या टचस्क्रीनचंही असंच असतं. बोट काचेवर फिरतं, पण फोटो सरकवतं ते सॉफ्टवेअर. फरक एवढाच की फोन हँग झाला तर रीस्टार्ट करता येतो. ३५,००० फुटांवर तशी चैन नसते.

एक बिट उलटला तर?

कॉम्प्युटरच्या मेमरीत सगळं शून्य आणि एकच्या रूपात असतं. समजा ५ हा आकडा ठेवलाय: ०००००१०१. अवकाशातून आलेल्या किरणांमुळे वातावरणात न्यूट्रॉनसारखे कण तयार होतात. असा एखादा कण चिपमधल्या नेमक्या जागी आदळला आणि सगळ्यात डावीकडचा शून्य उलटून एक झाला, तर उरतो १०००０१०१. म्हणजे १३३. चिप बिघडलेली नाही, कुणी हॅक केलेलं नाही, फक्त एक बिट उलटलाय.

जमिनीवरही हे होतं, पण वातावरणाचा जाड थर आपल्याला बराच वाचवतो. बेल्जियममध्ये २००३ च्या निवडणुकीत एका उमेदवाराला इलेक्ट्रॉनिक मोजणीत नेमकी ४,०९६ मतं जास्त मिळाली होती. ४,०९६ म्हणजे दोनचा बारावा घात, म्हणजेच तेरावा बिट उलटला की पडणारा नेमका फरक. त्यामुळे सर्वांत शक्य कारण म्हणून बिट उलटण्याकडेच बोट दाखवलं गेलं. विमान ज्या उंचीवर उडतं, तिथे या न्यूट्रॉनचा मारा जमिनीच्या तुलनेत शेकडो पट असतो.

मग विमानं रोज का झुकत नाहीत? कारण हे गृहीत धरूनच ती बनवलेली असतात. ए३२० मध्ये फ्लाइट कंट्रोलचे एकूण सात कॉम्प्युटर आहेत: दोन एलॅक, तीन सेक आणि दोन फॅक. प्रत्येक कॉम्प्युटरच्या आत दोन भाग असतात. एक हुकूम देतो, दुसरा त्याच्यावर नजर ठेवतो. दोघांचं गणित जुळलं नाही की तो कॉम्प्युटर बाजूला होतो आणि दुसरा काम हातात घेतो. एवढंच नाही, तर एलॅक आणि सेक वेगवेगळ्या टीमनी, वेगवेगळ्या प्रोसेसरवर बनवले, म्हणजे एकच चूक दोन्हीकडे असू नये. हायड्रॉलिक यंत्रणाही तीन आहेत: हिरवी, निळी, पिवळी.

इतकं असूनही एखादी फट राहते. बिट उलटणं थांबवता येत नाही. उलटलेला बिट पकडून तो फळीपर्यंत पोचू न देणं हे सॉफ्टवेअरचं काम. तिथे कमी पडलेलं व्हर्जन सापडलं, म्हणून हा आदेश.

आदेश कुठून निघतो आणि आपल्यापर्यंत कसा येतो?

विमानाच्या दुनियेत सक्तीच्या दुरुस्तीच्या आदेशाला एअरवर्दिनेस डायरेक्टिव्ह म्हणतात. हँगरमध्ये सगळे त्याला ‘एडी’ एवढंच म्हणतात. साधारण प्रवास असा:

१. कुठेतरी घटना घडते किंवा नेहमीच्या तपासणीत तडा, झीज, गंज किंवा बग सापडतो.

२. विमान बनवणारी कंपनी अभ्यास करून सर्व्हिस बुलेटिन काढते. म्हणजे ‘काय तपासा, कसं बदला’ याची कृती. ही कंपनीची सूचना असते, कायदा नव्हे.

३. ज्या देशाने किंवा प्रदेशाने त्या डिझाइनला मान्यता दिली, तिथला नियामक ठरवतो की धोका इतका आहे का की सक्ती करावी. एअरबस आणि एटीआरसाठी युरोपची ईआसा, बोइंगसाठी अमेरिकेची एफएए. सक्ती करायची ठरली की एडी निघतो.

४. भारतात नोंदलेल्या विमानांसाठी आपला डीजीसीए तो लागू करतो. आपल्या नियमांतला शब्द आहे ‘मँडेटरी मॉडिफिकेशन’. यासाठी डीजीसीएच्या नियमावलीत विभाग २, मालिका एम असा स्वतंत्र भागच आहे.

ही साखळी १९४४ च्या शिकागो करारातून आलेली आहे. त्याच्या आठव्या परिशिष्टानुसार, डिझाइनचा देश सुरक्षेची सक्तीची माहिती इतर देशांना कळवतो आणि विमान ज्या देशात नोंदलेलं आहे तो देश त्यावर कारवाई करतो. म्हणून कानकुनहून निघालेल्या विमानात जे घडलं, त्याचा परिणाम महिन्याभरात भारतातल्या विमानांवर दिसला.

प्रत्येक एडीत तीन गोष्टी असतातच: कोणत्या विमानांना लागू, काय करायचं आणि किती मुदतीत. मुदत फक्त तारखेत नसते. ‘इतके उड्डाण-तास’ किंवा ‘इतकी सायकल’ असंही मोजतात. एकदा उडून उतरलं की एक सायकल. काही आदेश एकदाच करायचे असतात. काहींत तीच तपासणी ठरावीक तासांनी पुन्हापुन्हा करावी लागते, जोपर्यंत सुधारित भाग बसत नाही तोपर्यंत. आणि सगळ्यांत कडक मुदत म्हणजे ‘पुढच्या उड्डाणाआधी’.

नोव्हेंबरचा आदेश, क्रमांक २०२५-०२६८-ई, याच प्रकारातला. शेवटचा ‘ई’ आणीबाणीसाठी. एरवी एडीचा मसुदा आधी जाहीर करून कंपन्यांची मतं मागवतात. इथे तेवढा वेळच नव्हता. सवलत एकच होती: विमान दुरुस्तीच्या ठिकाणी न्यायला प्रवाशांशिवाय तीन फेऱ्यांपर्यंत परवानगी.

त्या रात्री हँगरमध्ये काय केलं?

इथे फोनवाल्यांना गंमत वाटेल. फोनमध्ये आपण नेहमी पुढच्या व्हर्जनला जातो. मागचं व्हर्जन टाकायचं म्हटलं तर बहुतेक कंपन्या अडवतात. इथे उलट झालं. अडचण होती ती नव्या एल१०४ व्हर्जनमध्ये, आणि उपाय होता त्याआधीचं, वापरून सिद्ध झालेलं एल१०३ प्लस परत टाकणं. म्हणजे सक्तीचं ‘डाउनग्रेड’!

अपडेट वायफायवरून आपोआप येत नाही. इंजिनियर डेटा लोडर नावाचं उपकरण घेऊन कॉकपिटमध्ये जातो, मंजूर सॉफ्टवेअर टाकतो, व्हर्जनचा क्रमांक पडताळतो, मग चाचण्या करतो. एका विमानाला साधारण दोन-तीन तास. काही जुन्या विमानांत कॉम्प्युटरचा डबाच बदलावा लागणार होता, त्याला जास्त वेळ.

शेवटचं काम सगळ्यांत महत्त्वाचं: सही. डीजीसीएचं लायसन्स असलेला एअरक्राफ्ट मेंटेनन्स इंजिनियर नोंदवहीत कोणता आदेश, कोणतं काम, कधी झालं ते लिहितो आणि विमान उड्डाणाला योग्य असल्याची सही करतो. ती सही नसेल तर सॉफ्टवेअर टाकलेलं असूनही विमान उडू शकत नाही. आपण फोनवर ‘आय अ‍ॅग्री’ न वाचताच दाबतो. इथे सहीखाली नाव असतं, लायसन्स नंबर असतो आणि उद्या काही झालं तर उत्तर द्यावं लागतं.

भारतातल्या ३३८ विमानांपैकी २०० एकट्या इंडिगोची होती, बाकी एअर इंडिया आणि एअर इंडिया एक्स्प्रेसची. ईआसाची मुदत आपल्या वेळेनुसार रविवारी, ३० नोव्हेंबरला पहाटे ५ वाजून २९ मिनिटांनी सुरू होत होती. शनिवारी सकाळी दहापर्यंतच निम्म्याहून जास्त विमानांचं काम उरकलं होतं. काही फ्लाइट लेट झाल्या, एवढंच. जपानच्या एएनएने मात्र त्या शनिवारी ६५ फ्लाइट रद्द केल्या.

एक गैरसमज इथेच दूर करतो. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात इंडिगोच्या फ्लाइट मोठ्या संख्येने रद्द झाल्या, त्याचं मुख्य कारण पायलटच्या ड्युटी आणि विश्रांतीचे नवे नियम आणि त्यांचं फसलेलं नियोजन हे होतं. दोन्ही गोष्टी आठवड्याभरात घडल्या म्हणून लोक त्या एकत्र करतात.

प्रत्येक वेळी सॉफ्टवेअरच नसतं, कधी ग्रीस असतं

आतापर्यंत वाचून वाटेल की हे सगळं कॉम्प्युटरचं प्रकरण आहे. तसं नाही. ३१ जानेवारी २००० ला अमेरिकेच्या अलास्का एअरलाइन्सचं एमडी-८३ विमान प्रशांत महासागरात कोसळलं. ८८ जणांचा जीव गेला. कारण शेपटीचा आडवा पंख तिरपा करणारा एक लांब स्क्रू आणि त्यावरची नट. नटचे आटे झिजून पूर्ण गेले होते. तपासात निष्कर्ष निघाला की स्क्रूला पुरेसं वंगण मिळालं नव्हतं. कंपनीने वंगण घालण्यातलं अंतर वाढवत वाढवत आठ महिन्यांपर्यंत नेलं होतं, आणि त्याला परवानगीही मिळालेली होती.

अपघातानंतर एडी निघाले. त्या स्क्रूला दर ६५० उड्डाण-तासांनी वंगण घालायचं आणि झीज दर २,००० तासांनी मोजायची. म्हणजे सायकलच्या चेनला तेल घालण्यासारखं काम, पण कायद्याने बांधलेलं.

म्हणून मला ‘सक्तीची तपासणी म्हणजे नुसती कागदपत्रं’ हे म्हणणं पटत नाही. त्या कागदावरच्या प्रत्येक आकड्यामागे बहुतेक वेळा कुणीतरी मोजलेली झीज असते. कधीकधी त्यामागे गेलेले जीवही असतात.

सल्ला आणि सक्ती, यातला फरक जीवघेणा ठरू शकतो का?

नियामक प्रत्येक वेळी सक्ती करतात असं नाही. धोका कमी वाटला तर सल्ला देऊन थांबतात. १२ जून २०२५ ला अहमदाबादला एअर इंडियाचं बोइंग ७८७ कोसळलं. त्याच्या प्राथमिक अहवालात एक जुना कागद पुढे आला. एफएएने डिसेंबर २०१८ मध्ये इंधनाच्या कंट्रोल स्विचचं लॉक तपासा, असं माहितीपत्रक काढलं होतं. ते सल्ल्याच्या स्वरूपाचं होतं, सक्तीचं नव्हतं, म्हणून ती तपासणी केली नव्हती, असं एअर इंडियाने सांगितल्याची नोंद अहवालात आहे. स्पष्ट करतो, हे स्विच फ्लाइट कंट्रोलचा भाग नाहीत आणि या लॉकमुळे अपघात झाला असं तो प्राथमिक अहवाल म्हणत नाही. पण लगेच, १४ जुलैला, डीजीसीएने तीच तपासणी भारतातल्या विमानांसाठी २१ जुलैपर्यंत सक्तीची केली.

सगळंच सक्तीचं का करत नाहीत मग? कारण प्रत्येक वेळी पॅनेल उघडणं, भाग काढणं, पुन्हा बसवणं यातही चूक होऊ शकते. शिवाय हँगर, माणसं आणि सुटे भाग मर्यादित असतात. सगळंच ‘तातडीचं’ केलं तर खरं तातडीचं काम मागे पडतं. तुमच्या फोनवर दिवसाला दोनशे नोटिफिकेशन आल्या की बँकेची खरी सूचनाही नजरेआड होते, तसंच. कुठे सल्ला पुरे आणि कुठे सक्ती हवी, हे ठरवणं हेच नियामकाचं खरं काम.

आणि तिथे नियामक चुकले की काय होतं हे बोइंग ७३७ मॅक्सने दाखवलं. एमकॅस नावाचं सॉफ्टवेअर एकाच सेन्सरवर विश्वास ठेवून नाक खाली ढकलत होतं. २९ ऑक्टोबर २०१८ ला लायन एअरचं विमान पडलं, १८९ मृत्यू. त्यानंतर एफएएने आणीबाणीचा एडी काढला, पण त्यात पायलटसाठीच्या सूचना होत्या. सॉफ्टवेअर तेच राहिलं, विमानं उडत राहिली. १० मार्च २०१९ ला इथिओपियन एअरलाइन्सचं विमान पडलं, आणखी १५७ मृत्यू. मग जगभरात मॅक्स जमिनीवर आली. भारतात तिला परत उडायला ऑगस्ट २०२१ उजाडलं. तोवर सॉफ्टवेअर बदललं होतं, एमकॅस दोन्ही सेन्सर ताडून बघू लागलं होतं.

२०२५ मध्ये एका विमानाच्या झुकण्यावरून महिन्याभरात ६,००० विमानांना आदेश का गेला, याचं उत्तर बहुधा या इतिहासात आहे. दुसऱ्या घटनेची वाट बघायची किंमत सगळ्यांना कळून चुकली होती.

नाशिकचा काय संबंध?

खूप मोठा. ओझरची धावपट्टी हिंदुस्थान एरोनॉटिक्सची, म्हणजे आपल्या सगळ्यांच्या भाषेत एचएएलची. १९६४ मध्ये मिग-२१ साठी हा कारखाना उभा राहिला. २००४ पासून इथे सुखोई-३० एमकेआय बनू लागली. पिंपळगाव, निफाडकडच्या लोकांना तो आवाज वेगळा सांगावा लागत नाही. १७ ऑक्टोबर २०२५ ला इथेच तेजस मार्क १ए ची नवी उत्पादन लाइन सुरू झाली.

सुखोई आणि तेजस दोन्ही फ्लाय-बाय-वायर. तेजस तर मुद्दाम ‘अस्थिर’ बनवलेलं आहे, म्हणजे कॉम्प्युटर सतत सावरत नसेल तर ते हवेत सरळ राहूच शकत नाही. त्यामुळे ते चपळ होतं. म्हणूनच त्याच्या फ्लाय-बाय-वायर यंत्रणेत चार समांतर वाहिन्या असतात. मार्क १ए साठीचा डिजिटल फ्लाइट कंट्रोल कॉम्प्युटर बंगळुरूच्या एडीई या प्रयोगशाळेने देशातच विकसित केला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये तो पहिल्यांदा विमानात बसवून उडवला.

लढाऊ विमानांना डीजीसीएचे एडी लागू होत नाहीत. त्यांच्यासाठी डीआरडीओची सेमिलॅक ही संस्था उड्डाणयोग्यतेचं प्रमाणपत्र देते. वायुदलाचा ११ बेस रिपेअर डेपोही ओझरलाच आहे, जिथे सुखोईची मोठी दुरुस्ती होते. यंत्रणा वेगळी, पण तत्त्व तेच: दोष सापडला की त्या प्रकारच्या सगळ्या विमानांकडे बघायचं.

आणखी एक बातमी अनेकांच्या नजरेतून सुटली. एप्रिल २०२४ मध्ये एचएएल आणि एअरबसने करार केला, नाशिकमध्ये ए३२० कुटुंबातल्या विमानांची देखभाल आणि दुरुस्ती करण्याचं केंद्र उभं करण्यासाठी. त्यासाठी लागणारी खास साधनं आणि तांत्रिक माहिती एअरबस देणार. म्हणजे पुढे असा एखादा आदेश आला, तर डेटा लोडर घेऊन कॉकपिटमध्ये चढणारा आणि शेवटी सही करणारा हात आपल्या नाशिकचा असू शकतो. बारावीला फिजिक्स, मॅथ्स असलेल्यांनी एअरक्राफ्ट मेंटेनन्स इंजिनियरिंगचा पर्याय म्हणूनच बघून ठेवावा. मात्र प्रवेशाआधी ती संस्था डीजीसीए-मान्य आहे का, हे आधी तपासा.

फोनवरून तुम्ही स्वतः काय बघू शकता?

हे आदेश गुप्त नसतात. ईआसाच्या वेबसाइटवर सुरक्षा आदेशांचा शोध सगळ्यांसाठी खुला आहे. एफएएचाही आहे. करून बघा:

• तिकीट बुक करताना विमानाचा प्रकार लिहिलेला असतो. ए३२०, ए३२१, एटीआर ७२, जे असेल ते नोंदवा.

• ईआसाच्या शोधात तो प्रकार टाका. आदेशावर ‘एटीए’ नावाचा आकडा दिसेल. जगभर विमानाचे भाग ठरलेल्या आकड्यांनी ओळखतात. फ्लाइट कंट्रोलचा आकडा २७.

• आदेश उघडला की आधी मुदत बघा. ‘पुढच्या उड्डाणाआधी’ असेल तर गंभीर. ‘२४ महिन्यांत’ असेल तर झीज हळू होणारी आहे, नियोजन करून काम होईल.

एक इशारा. यादी बघून घाबरू नका. एकेका विमान प्रकारावर गेल्या काही दशकांत निघालेले ढीगभर आदेश तुम्हाला दिसतील. त्याचा अर्थ ‘हे विमान खराब’ असा नाही. दोष सापडतात, नोंदवले जातात आणि दुरुस्त होतात, असा आहे. मला तर काळजी वाटेल ती ज्या यंत्राबद्दल एकही आदेश कधी निघत नाही त्याची. तिथे कदाचित कुणी बघतच नसेल.

आता सुरुवातीचा प्रश्न. आपण इतके दिवस जीव मुठीत घेऊन फिरत होतो का? माझं उत्तर असं. धोका होता, लहान पण खरा. तो आधी दिसला नाही, कारण तसे कण आणि तसा क्षण फार क्वचित जुळून येतो. दिसल्यावर मात्र कुणाला ‘नंतर’ म्हणायची मुभा मिळाली नाही. विमान कधीच बिघडत नाही यावर विश्वास ठेवू नका. बिघाड लपवला जात नाही आणि सही झाल्याशिवाय विमान सुटत नाही, विश्वास ठेवायचा तर यावर. आणि तो टिकतो की नाही हे बघत राहणं, प्रश्न विचारत राहणं, हे प्रवासी म्हणून आपलंही काम आहे.

पुढच्या वेळी ओझरच्या टर्मिनलमध्ये ‘तांत्रिक कारणामुळे विलंब’ अशी घोषणा झाली, तर काउंटरवर भांडण्याआधी एक शांत प्रश्न विचारा: ‘काम काय आहे आणि अंदाजे किती वेळ लागेल?’ माहिती मागणं हा तुमचा हक्क आहे. तपासणी पूर्ण होईपर्यंत तिथे थांबणं तुमच्याच फायद्याचं आहे. आणि थांबला आहातच, तर फोनवरचं ते दोन महिन्यांपासून पडून राहिलेलं सिक्युरिटी अपडेट तेवढं करून टाका.